फरशी कोण बसवणार?

(दृश्य: सातारा. टाइल्सचं दुकान, उभ्या मांडलेल्या नमुन्यांच्या रांगा.)

रविवारी दुपारी टाइल्सच्या दुकानात सगळं घर आलेलं असतं. आजींना फिकट रंग हवा, सुनेला मळखाऊ हवा, मुलाचं म्हणणं हॉलमध्ये दोन बाय चारचीच घ्यायची. दुकानदार एकेक फरशी उचलून उजेडात धरतो, वर पाणी ओतून दाखवतो. माल गुजरातमधल्या मोरबीचा. देशातल्या टाइल्सचा फार मोठा वाटा तिथेच तयार होतो. निवड व्हायला दोन-दोन रविवार जातात. आणि मग बिल करता करता कुणीतरी विचारतं, "बसवायला माणूस आहे का हो तुमच्या ओळखीत?"

दुकानदार एक नंबर देतो. फोनवरच चौरस फुटाचा भाव ठरतो. घर बघितलेलं नाही, जुनी जमीन कशी आहे ते माहीत नाही. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.

या फिल्ममध्ये आम्ही या दुसऱ्या निवडीकडे बघणार आहोत, कारण आमच्या मते खरी निवड तीच आहे. फरशी कितीही भारी घ्या, ती टिकणार की उठणार हे तिच्या खाली काय भरलं आणि कुणाच्या हाताने भरलं यावर ठरतं. आणि ते काम झाल्यावर कुणालाच दिसत नाही.

(दृश्य: जुन्या घरातली शहाबादी फरशी, मग मोझॅक, मग चकचकीत व्हिट्रिफाइड.)

फरशीवाल्याची पारख करायची सवय आपल्याला फारशी नाही, याला कारण आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा दगड किंवा राजस्थानातला कोटा जाड असतो. त्याची पाठ खडबडीत असते, त्यामुळे चुना असो की सिमेंट, दगड माल धरून ठेवतो. कुठे उंचसखल राहिलं तर पॉलिशचं मशीन फिरवून सारखं करता येतं. मोझॅक तर बसवल्यावर जागेवरच घासायची. मिस्त्रीच्या हातून थोडं डावं-उजवं झालं तरी मशीन ते पोटात घालायचं.

व्हिट्रिफाइड फरशीला घासणं चालत नाही. आठ-दहा मिलिमीटर जाडी, वरचा थर कारखान्यातूनच तयार होऊन आलेला. भट्टीत ती इतकी घट्ट भाजलेली असते की पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते. डाग पडत नाहीत ते म्हणूनच. पण त्याच कारणाने सिमेंटची रबडीही तिच्या पाठीत शिरत नाही आणि पकड कच्ची राहते. दगड सांभाळून घ्यायचा, ही घेत नाही. म्हणून आता हात महत्त्वाचा झाला.

(दृश्य: जुनी सोसायटी, तिसरा मजला. हॉलमधली दहा इंची मोझॅक, काही ठिकाणी खचलेली.)

साताऱ्यातल्या या घरात 600 चौरस फुटांची जमीन बदलायची आहे. घरच्यांनी तीन मिस्त्री घरी बोलावले. पहिल्याने दारातूनच नजर टाकली आणि भाव सांगितला. दुसऱ्याने मोबाइलवर फोटो दाखवले. फोटोत सगळ्याच फरशा चमकतात. तिसरे मिस्त्री चप्पल काढून आत आले, गुडघ्यावर बसले आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने मोझॅकवर ठोकत खोलीभर फिरले. टक टक टक, आणि मध्येच एक भद्द आवाज. तिथे त्यांनी खडूने गोल केला. मग पाण्याची नळी धरून चारही भिंतींवर लेव्हलच्या खुणा केल्या. स्वयंपाकघराकडची बाजू पाऊण इंच खाली निघाली. हे सगळं भाव सांगायच्या आधी.

काकूंनी त्यांना एकच गोष्ट विचारली, आणि आमच्या मते तीच विचारायला हवी: "मिस्त्री, तुम्ही दोनेक वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम बघायला मिळेल का?"

नवीन काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेलेलं काम बघायचं. अशा घरात गेलात तर हॉलच्या मधोमध उभं राहून बघू नका. दाराच्या चौकटीपाशी कटिंग कसं केलंय ते बघा. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी टाका आणि ते जाळीकडे जातंय का ते बघा. कोपऱ्यात नाणं वाजवा; पोकळ आवाज बहुतेक कोपऱ्यांतच सापडतो. आणि त्या घरच्या माणसांना विचारा, काम संपल्यावर किरकोळ दुरुस्तीसाठी फोन केला तर मिस्त्री आले का? स्थानिक माणूस घेण्याचा खरा फायदा इथे आहे. तो चार गल्ल्या पलीकडे राहतो, बाजारात भेटतो, त्याला त्याच गावात पुढचं काम मिळवायचं असतं.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: प्रत्यक्ष बसवणार कोण? बोलणी करणारा ठेकेदार एक आणि फरशी बसवणारी जोडी दुसरीच, असं सर्रास होतं. त्यात गैर काही नाही. फरशीचे अनेक उत्तम कारागीर राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, बिहारमधून येतात. फक्त जे काम तुम्ही बघून आलात ते याच हातांचं आहे ना, एवढी खात्री करा.

(दृश्य: डायनिंग टेबल. वहीचं पान, मीटरचा टेप.)

आता कागद. मोठा करारनामा लागत नाही. वहीच्या पानावर लिहून दोघांच्या सह्या, आणि त्याचा फोटो दोघांच्या मोबाइलवर. या पानावर एकूण रक्कम असतेच. भांडणं होतात ती न लिहिलेल्या गोष्टींवरून. मोजमाप कशाचं, बसवलेल्या फरशीचं की फोडलेल्या पेट्यांचं? स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, रनिंग फुटावर की त्यातच? जुनी फरशी काढणं, राडारोडा खाली उतरवणं आणि तो टाकायला नेणं कुणाकडे? दारं खालून कापायची वेळ आली तर सुताराचे पैसे कोण देणार? उंबऱ्याच्या पट्ट्या, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा (नोझिंग), बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कशात धरलंय? कमी भाव सांगणाऱ्याने यातलं निम्मं बाहेर ठेवलेलं असतं आणि काम अर्ध्यावर आल्यावर ते एकेक करून पुढे येतं. भाव पाडून घेतल्याचा आनंद तिथेच संपतो.

माल किती लागेल, हा हिशोब मिस्त्रींनी समोर बसून केला. जमीन 600 चौरस फूट. चार इंची स्कर्टिंगला साधारण 66. एकूण 666, त्यावर कटिंग आणि फुटतुटीसाठी सात टक्के धरले की 713. दोन बाय दोनच्या चार फरशांच्या पेटीत साडेपंधरा चौरस फूट माल बसतो. म्हणजे 46 पेट्या. सगळ्या एकाच बॅच नंबरच्या. मागाहून आणलेल्या पेट्यांच्या रंगात थोडी छटा निघाली, तर ती हॉलच्या मधोमध कायम डोळ्यात खुपते.

नव्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी इथे एक थांबा. बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दिसला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने 30 दिवसांत पैसे न घेता तो दुरुस्त करून द्यायचा असतो. बिल्डरने बसवलेली फरशी उठायला लागली असेल, तर ठेकेदार शोधण्याआधी फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा. स्वतः फोडून बदललीत, तर दोष बिल्डरच्या कामातला होता ते दाखवणं अवघड होऊन बसतं.

(दृश्य: मोझॅक फोडण्याचं काम. धूळ. गोण्या भरून खाली नेणारे बिगारी.)

जुनी फरशी काढायची की तिच्यावरच नवी चिकटवायची, हा वाद घराघरांत होतो. वरून चिकटवली तर धूळ नाही, राडारोडा नाही, काम लवकर होतं. पण जमीन अर्ध्या इंचाने वर येते, दारं घासतात, बाथरूमच्या उंबऱ्याचं गणित बदलतं. आणि खालची फरशी पोकळ असेल तर वरचीही तिच्याबरोबर जाते. या घरात पोकळ जागा बऱ्याच निघाल्या, म्हणून काढायचं ठरलं. मिस्त्रींनी जुना बेड, म्हणजे फरशीखालचा मालाचा थरही उकरून टाकला. दीड इंच मालाचा थर चौरस मीटरमागे 80 किलोच्या आसपास वजन देतो. 600 चौरस फुटांत ते साडेचार टनांच्या घरात जातं. जुना थर ठेवून त्यावर नवा ओतणारा ठेकेदार तेवढं ओझं स्लॅबवर कायमचं टाकून जातो. जुन्या इमारतीत ही चालढकल खपवून घेऊ नका.

(दृश्य: अगदी जवळून. दातेरी थापी, राखाडी ॲडेसिव्ह, फरशीची पालथी पाठ.)

हा क्षण नीट बघा. नवा बेड आता वाळून टणक झाला आहे. मिस्त्री दातेरी थापीने ॲडेसिव्ह, म्हणजे फरशी चिकटवायचा तयार माल, पसरवतात, सगळ्या रेघा एकाच दिशेने. मग फरशीच्या पाठीवर पातळ हात फिरवतात. फरशी ठेवून जराशी मागेपुढे सरकवतात, म्हणजे रेघा दबून हवा बाहेर पडते. रबरी हातोड्याचे चार ठोके. आणि मग ते एक गोष्ट करतात, जी घाईत असणारा माणूस करत नाही: बसवलेली फरशी परत उचलून उलटी करतात. पाठ सगळीकडून भरली असेल तरच पुढे जायचं. या कोपऱ्यात दोन बोटं जागा कोरडी राहिली होती. त्यांनी थापी पुन्हा फिरवली.

चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे गोळे ठेवून फरशी दाबणारेही आहेत. वरून लेव्हल झटकन मिळते, दिवसाला दुप्पट काम होतं. पण मधली जागा पोकळ राहते. सहा महिन्यांनी तिथे कपाटाचा पाय येतो, नाहीतर गॅसचा सिलिंडर आपटतो, आणि फरशीला तडा जातो. तेव्हा फरशीच खराब होती म्हणतात. ॲडेसिव्हच्या पोत्यावर आयएस 15477 हे मानक आणि टाइप छापलेला असतो. मोठ्या व्हिट्रिफाइड फरशीला कोणता टाइप चालतो ते दुकानातच विचारा, आणि पोती घरी आली की एकदा स्वतः वाचा.

दुसरी जागा म्हणजे सांधा. बहुतेकांना बिनसांध्याची जमीन हवी असते. मिस्त्रींनी इथे ठामपणे नाही म्हटलं आणि दोन फरशांमधली फट सारखी राहावी म्हणून दोन मिलिमीटरचे स्पेसर लावले. भिंतीच्या कडेलाही फट सोडली, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ऊन-थंडीने फरशी प्रसरण पावते, आकुंचन पावते. सरकायला जागाच ठेवली नाही, तर एक दिवस दोन फरशा एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर येतात, मोठा आवाज करत. अशी उठलेली फरशी अनेक घरांत दिसते आणि दोष हवामानावर जातो. गिऱ्हाईक हट्ट धरतंय म्हणून मान डोलावणाऱ्या ठेकेदारापेक्षा, कारण समजावून नाही म्हणणारा माणूस आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

(दृश्य: बाथरूम. जाळीपासून भिंतीपर्यंत ताणलेली दोरी.)

बाथरूममध्ये ढाळ. 80 फुटांना एक फूट धरला, तर पाच फुटी बाथरूममध्ये पाऊण इंच. डोळ्याला तो कळतही नाही, पण पाणी थांबत नाही. फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंग करून, जाळी बंद करून इथे 24 तास पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आणि काका खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेले आणि त्यांचं छत हात लावून बघून आले. कोरडं होतं.

(दृश्य: कटर. पाण्याची बारीक धार. मास्क लावलेला तरुण कारागीर.)

आता ज्याच्याबद्दल घरमालक सहसा विचारत नाहीत ते. कोरड्या कटरने फरशी कापली की जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर इलाज नाही. कटरवर पाणी सोडलं तर धूळ जागीच बसते. खर्च एका नळीचा आणि थोड्या चिखलाचा. तो चिखल गॅलरीत होऊ द्या. ठेकेदार निवडताना त्याची माणसं पाणी लावून कापतात का, तोंडाला नीट मास्क आहे का, हे जरूर बघा. दुसऱ्याच्या फुप्फुसांची किंमत देऊन आपली जमीन चकचकीत करायची नसते.

(दृश्य: हिशोबाची वही.)

पैसे टप्प्याने द्यावेत. सुरुवातीची उचल माल आणि मजुरीपुरती, मग जमीन फोडून बेड झाल्यावर, मग फरशी बसल्यावर. सांध्यांत ग्राउट भरून, सगळीकडे ठोकून बघेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायची, आणि ती किती हे पहिल्या दिवशीच पानावर लिहायचं. मजूर रोज संध्याकाळी पैशांची वाट बघत असतात, हे लक्षात ठेवून मधले टप्पे ठरल्या दिवशीच द्यावेत. छोट्या मिस्त्रीकडे जीएसटीचं बिल नसेल तर बिचकू नका. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी सक्तीची नसते. पण पैसे खात्यावर द्या, किंवा पोचपावती घ्या. काम बिघडलं आणि माणूस फोनही उचलेनासा झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तिथे फी नाही. तेव्हा ते वहीचं पान, पावत्या आणि फोटो कामाला येतात.

साताऱ्यातल्या घरात ग्राउट भरून झाल्यावर मिस्त्री सगळ्या खोल्यांतून दांडा वाजवत फिरले. बेडरूममधल्या खिडकीखालची एक फरशी भद्द वाजली. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ती काढायला सांगितली. उरलेल्या पेटीतली फरशी तिथे बसली. बाकीच्या माळ्यावर गेल्या, वर खडूने बॅच नंबर लिहून. कपाटं आठवडाभर हलवायची नाहीत असं काकूंना बजावून मिस्त्री निघाले. पुढचं काम कोरेगावला होतं. राखून ठेवलेले पैसे काकांनी त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यावर भरले.