भाड्याची खोली आणि ज्वारीची भाकरी

मंडळी, पत्रिकेवर छापलेला विषय परदेशी विद्यार्थी, उच्च शिक्षण आणि शाश्वत विकास असा आहे. तिकडे येतोच. पण सुरुवात करतो भाड्याच्या खोलीपासून. तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवल्यावर माझं ठाम मत झालंय की या विषयाची किल्ली त्या खोलीतच आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी सुदानहून एक मुलगा आमच्याकडे एम.ए.ला आला. वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून मी त्याच्यासोबत खोली शोधायला निघालो. फोनवर सगळीकडे एकच उत्तर, "या ना सर, रिकामीच आहे." आम्ही जिना चढून दारात उभे राहिलो की त्याच्याकडे एकदा बघायचं आणि म्हणायचं, "अहो, सकाळीच दिली हो." चौथ्या ठिकाणी तर 'जागा भाड्याने देणे आहे' ही पाटी दारावर तशीच होती, आणि तिच्याखाली उभं राहून ते गृहस्थ मला जागा गेल्याचं सांगत होते! त्या मुलाला मराठी येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. उतरताना तो मला म्हणाला, "सर, तुम्ही दमलात. उद्या बघू." तो जिना मी अजून विसरलो नाही.

पाचवं घर एरंडवण्यातलं. आजी एकट्या राहायच्या. त्यांनी एकच विचारलं, "जेवतो काय हा?" आणि ताटात भाकरी वाढली. त्यानं तुकडा मोडला, हुंगला आणि हसला. हे तर त्याच्या घरचं धान्य होतं! सुदानात ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरतात, आपल्या घावनासारखं. त्याला किसरा म्हणतात. ज्वारी आपण सोलापूरची समजतो, पण ती मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांवर तिच्या दाण्यांचे ठसे सापडलेत. पोरगा त्याच भागातल्या गेदारेफचा होता. परदेशी भाडेकरूची माहिती द्यायला घरमालकाला तेव्हा जो सी फॉर्म ऑनलाइन भरावा लागायचा, तो आजींच्या नातवानं भरून दिला. लोक असल्या फॉर्मला फार घाबरतात. अर्ध्या तासाचं काम आहे.

याच पुण्यात फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी कावीळ झालेल्या एका परदेशी मुलाला खिडकीतून अन्न दिलं जाताना पाहिलं, आणि त्यातून 1971 साली सिंबायोसिस ही शिक्षणसंस्था उभी राहिली. सर वनस्पतीशास्त्राचे, म्हणून नाव सहजीवनाचं. ती सुरुवातसुद्धा ताटापासूनच झाली, हे लक्षात घ्या.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

परदेशी विद्यार्थी इथे फी, भाडं, खानावळ, रिक्षा यांवर जो पैसा खर्च करतो, तो हिशेबात सेवांची निर्यात म्हणून धरतात. म्हणजे आजींची खोली हीसुद्धा निर्यात! जहाज नको, कारखाना नको. विद्यार्थी व्हिसावर त्याला नोकरी करता येत नाही, त्यामुळे बहुतेक पैसा त्याच्या घरून नाहीतर शिष्यवृत्तीतून येतो. आणि तो गल्लीतल्या किराणावाल्यापर्यंत पोचतो.

पण 2021-22 च्या सरकारी पाहणीत देशभर परदेशी विद्यार्थी किती होते? 46,878. त्यात सगळ्यात जास्त नेपाळचे. आपली बाहेर शिकणारी मुलं 2024 मध्ये तेरा लाखांच्या वर होती. एवढी मुलं आपण पाठवतो, आणि आलेल्या मूठभरांना जिना उतरायला लावतो.

शाश्वत म्हणायचं ते पैशाच्या पुढचं आहे. 2015 साली संयुक्त राष्ट्रसंघानं ठरवलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत विकसनशील देशांतल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या वाढवायचं कलम आहे, ते उगाच नाही. आमच्या त्या सुदानी मुलानं प्रबंध केला कोरडवाहू ज्वारीच्या पीककर्जावर. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसला, वह्या भरल्या आणि त्या घेऊन गेदारेफला गेला. तिथली शेतीही पावसावरचीच. कमी पाण्यात तगायची अक्कल इथून तिथे गेली, ती अशी. उद्या तिथून इथे यायची, तर ओळख आधी हवी. ती चार महिन्यांच्या वर्गात होत नाही, शेजारात होते.

वेळ संपली. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांच्याकडे खोली रिकामी आहे त्यांनी नाव आणि फोन लिहून जावं. जूनमध्ये मुलं यायला लागतील. भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म भरायला मी स्वतः येईन.