डिंगलची ‘फ्लॉरी’

नमस्कार मंडळी. मंडळाच्या स्वतःच्या वास्तूचा विषय आज निघालाच आहे, तर लिव्हरपूलमधल्या एका इमारतीबद्दल बोलते. डिंगल भागात, मिल स्ट्रीटवर, फ्लॉरेन्स इन्स्टिट्यूट आहे. तिथली माणसं तिला लाडानं ‘फ्लॉरी’ म्हणतात.

शहराचे माजी महापौर बर्नार्ड हॉल यांनी ती १८८९ मध्ये या कष्टकरी वस्तीतल्या मुलांसाठी बांधली. त्यांची मुलगी फ्लॉरेन्स ऐन तारुण्यात पॅरिसमध्ये वारली. तिचं नाव इमारतीला दिलं. गेलेल्या माणसाच्या नावानं घाट नि धर्मशाळा बांधणाऱ्या आपल्या लोकांना ही भावना समजावून सांगायला नको. पोरांना व्यायामाला, वाचायला, खेळायला हक्काची जागा हवी होती.

एवढ्यासाठी चार साध्या भिंती पुरल्या असत्या. वास्तुरचनाकार एच. डब्ल्यू. कीफ यांनी मात्र लाल विटांवर टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, नक्षी चढवली. छपराशी वळणं घेत वर निमुळत्या होणाऱ्या दर्शनी भिंती, दगडी वाड्यात शोभतील अशा उंच खिडक्या, कोपऱ्यावर अष्टकोनी बुरूज. सतराव्या शतकात इंग्रज उमराव आपल्या हवेल्यांना जो थाट करत, तोच इथं गोदीकामगारांच्या मुलांसाठी केला.

टेराकोटाबद्दल थोडं सांगायलाच हवं. मऊ माती साच्यात दाबून भरायची, वाळवायची आणि भट्टीत भाजायची. भाजताना ती साधारण बाराव्या हिश्शानं आकसते, म्हणून साचा आधीच तेवढा मोठा करावा लागतो. एकदा साचा झाला की तेच फूल, तीच वेलबुट्टी हवी तितक्या वेळा काढता येते. दगडात मात्र प्रत्येक फूल छिन्नीनं नव्यानं कोरावं लागतं. शिवाय कोळशाच्या धुरानं भरलेल्या त्या हवेत भाजलेली माती दगडापेक्षा चांगली टिकायची. म्हणून त्या काळी अनेक मोठ्या संस्था टेराकोटा वापरत. १८९२ मध्ये याच शहरात युनिव्हर्सिटी कॉलेजची व्हिक्टोरिया बिल्डिंग उभी राहिली, तीही लाल वीट आणि टेराकोटाची. प्राध्यापकांना जे साहित्य, तेच डिंगलच्या पोरांना! मला या इमारतीचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते याचं.

पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली. १९९९ मध्ये आगीत छप्पर गेलं. तरी वस्तीतल्या लोकांनी तिचा नाद सोडला नाही. त्यांनी नेटानं पाठपुरावा केला, निधी उभा राहिला आणि २०१२ मध्ये फ्लॉरी पुन्हा उघडली. नुसतं पत्र्याचं शेड असतं, तर त्यासाठी कुणी एवढं झटलं असतं असं मला वाटत नाही.

आपल्या आराखड्यात मुलांची खोली स्वयंपाकघरामागे, उरलेल्या जागेत दाखवली आहे. ती पुढच्या बाजूला, मोठ्या खिडक्यांची असावी आणि तिचा खर्च पहिल्या टप्प्यातच धरावा, असा माझा प्रस्ताव आहे. कार्यकारिणीनं तो येत्या बैठकीत घ्यावा.