पंधरा मीटर

नमस्कार मंडळी.

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॉक्सिंग डे कसोटी येते. २०२० च्या डिसेंबरात अजिंक्य रहाणेने तिथे काढलेल्या ११२ धावा या सभागृहात बहुतेकांना आठवत असतील. ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ त्या खेळीने पुन्हा उभा राहिला. पण त्या मैदानाचा खरा संसार उन्हाळ्यातला नाही, हिवाळ्यातला आहे. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तिथे ऑस्ट्रेलियन फुटबॉल चालतो. मेलबर्नची माणसं त्याला नुसतं ‘फूटी’ म्हणतात. आणि गंमत पाहा, हा खेळ क्रिकेटच्याच पोटी जन्मला. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं आखडू नयेत म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा, अशी त्याची सूचना होती. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, नियम कागदावर उतरले आणि मेलबर्न फुटबॉल क्लब उभा राहिला.

त्या क्लबच्या एका खेळाडूबद्दल आज बोलायचं आहे. तो ऑस्ट्रेलियन नव्हता. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याने तो लंबगोल चेंडू कधी खेळलाही नव्हता. त्याचं नाव जिम स्टाइन्स.

मी मेलबर्नला बरीच वर्षं राहिलो. तिथल्या शेजाऱ्यांशी, कामावरच्या लोकांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. स्टाइन्सचं नाव निघालं की कुणी आधी त्याच्या पदकांबद्दल बोलत नाही. आधी निघतात ते पंधरा मीटर.

ते समजायला खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. मैदान लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार डाव, त्यात खेळ थांबल्याचा वेळ वेगळा धरायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हातात धरता येतो, पण फेकता येत नाही. एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा. आणि सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे ‘मार्क’. लांबून आलेला चेंडू हवेतच झेलला की खेळ क्षणभर थांबतो. झेलणाऱ्याला निवांत लाथ मारायची मुभा मिळते. फाउल झालेल्या खेळाडूलाही तशीच मोकळी लाथ मिळते. प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस त्या जागेवर उभा राहतो, हात वर करतो, उड्या मारतो, पण पुढे येऊ शकत नाही. आणि या दोघांच्या मधून कुणी जायचं नाही. तिथल्या पोरांना हे बोलायला लागण्याआधी कळतं.

स्टाइन्सला हे अंगवळणी पडायला वेळच कुठे होता? त्याचा जन्म १९६६ चा, डब्लिनचा. सहा भावंडांत थोरला. गेलिक फुटबॉल खेळायचा. त्या खेळात चेंडू गोल असतो आणि खेळाडूंना पैसे मिळत नाहीत. आजही मिळत नाहीत. आपल्या काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, डब्लिनच्या क्रोक पार्कच्या भरल्या मैदानात खेळलेला माणूस सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा बँकेत कामाला जातो. १९८४ मध्ये डब्लिनच्या कुमार संघाने अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं, त्या संघात स्टाइन्स होता. त्याच सुमारास मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक रॉन बरासी यांनी एक धाडस चालवलं होतं. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हाताळण्याचं कसब आहेच, मग उंच आयरिश पोरं उचलून त्यांना आपला खेळ शिकवला तर? वर्तमानपत्रात जाहिरात आली. शिष्यवृत्ती, शिक्षण आणि फुटबॉल. सहा फूट सहा इंचांचा स्टाइन्स १९८४ च्या अखेरीस विमानात बसला.

सुरुवातीला त्याला काही जमेना. लंबगोल चेंडू जमिनीवर आपटला की कुठे उडेल याचा नेम नाही, आणि धावताना तो ठरावीक अंतरावर टप्पा देऊन परत हातात घ्यावा लागतो. १९८६ मध्ये त्याला प्राहरान या खालच्या स्तरावरच्या संघाकडे पाठवलं. तिथे तो घडला. १९८७ मध्ये त्याला मेलबर्नच्या मुख्य संघात जागा मिळाली.

आता तारीख लक्षात ठेवा. १९ सप्टेंबर १९८७, शनिवार. वेव्हर्लीचं मैदान. अंतिम फेरीच्या आधीचा सामना, समोर हॉथॉर्न. मेलबर्नने १९६४ नंतर विजेतेपद सोडाच, बाद फेरीचं तोंडही पाहिलं नव्हतं. कर्णधार रॉबर्ट फ्लॉवर, शिडशिडीत अंगाचा, अतिशय नजाकतीने खेळणारा माणूस. १९७३ पासून २७२ सामने खेळला, आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता. संपूर्ण कारकिर्दीत बाद फेरी त्याच्या वाट्याला आली ती याच एका वर्षी. मेलबर्नचे लोक त्या वर्षी क्लबसाठी जेवढी प्रार्थना करत होते तेवढीच फ्लॉवरसाठी करत होते.

शेवटचे काही सेकंद. मेलबर्न चार गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला फाउलबद्दल मोकळी लाथ मिळाली, पण खांबांपासून पन्नास मीटरच्या पलीकडे. एवढ्या लांबून दमलेल्या पायाने मधल्या खांबांतून चेंडू जाणं कठीण. बकेनारा मागे सरकला. मेलबर्नचा माणूस जागेवर उभा राहिला. आणि तेवढ्यात स्टाइन्स आपला प्रतिस्पर्धी मोकळा सुटतोय असं समजून त्याच्या मागे धावला. धावला तो थेट त्या दोघांच्या मधून.

पंचाने शिट्टी फुंकली. शिक्षा पंधरा मीटर. बकेनारा पंधरा मीटर पुढे आला. सायरन वाजून गेला होता, आता फक्त ही एक लाथ उरली होती. चेंडू सरळ मधून गेला. हॉथॉर्न ८०, मेलबर्न ७८. रॉबर्ट फ्लॉवरची कारकीर्द तिथे संपली.

ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक जॉन नॉर्दी एकवीस वर्षांच्या त्या पोराला सुनावतायत, हे कॅमेऱ्याने टिपलं आणि घरोघरी दाखवलं गेलं. मी ते चित्रण अनेकदा पाहिलंय. स्टाइन्स मान वर करत नाही.

या चुकीबद्दल लोक म्हणतात, परका होता, नियम अंगात मुरला नव्हता. ते खरंच आहे. पण मला त्यात दुसरंही काहीतरी दिसतं. मैदानावरचे बाकीचे आपापल्या जागी थबकून बकेनाराकडे पाहत असताना हा एकटा अजून काम करत होता. आपला माणूस सोडायचा नाही, हेच त्याला तीन वर्षं घोकवलं होतं. तो तेच करत होता. हा आळस नव्हता, दुर्लक्षही नव्हतं. अंगातली सगळी निष्ठा चुकीच्या जागेवरून धावली, आणि म्हणूनच मला ती चूक जास्त लागते.

हा मुलगा डब्लिनचं तिकीट काढून गेला असता तर कुणी नावं ठेवली नसती. त्याने काय केलं, ते आकड्यात सांगतो, कारण इथे आकडाच बोलतो. त्याच हंगामात सुरू झालेली त्याची सलग सामन्यांची मालिका १९९८ पर्यंत तुटली नाही. सलग २४४ सामने! आधीचा विक्रम रिचमंडच्या जॅक टायटसचा होता, २०२ सामन्यांचा. म्हणजे त्या शनिवारनंतर दहा वर्षांहून जास्त काळ मेलबर्न मैदानात उतरलं आणि स्टाइन्स नाही, असं झालं नाही.

आणि तो खेळायचा कुठे? ‘रकमन’ म्हणून. त्या काळी डाव सुरू होताना पंच चेंडू जमिनीवर जोरात आपटायचा, चेंडू उंच उडायचा, आणि दोन्ही संघांचे दोन सगळ्यात धिप्पाड खेळाडू समोरासमोरून पळत येऊन त्याच्यासाठी उडी घ्यायचे. गुडघा मांडीवर, कोपर बरगडीवर. हे एका सामन्यात कितीतरी वेळा. अशा जागेवर २४४ सामने न चुकता उभं राहणं म्हणजे किती दुखणी अंगावर काढली असतील, याचा अंदाज करा. त्यात स्टाइन्सने त्या जागेचं कामच बदललं. पूर्वीचा रकमन उडी मारायचा, चेंडू टोलवायचा आणि दम खात मागे राहायचा. हा गेलिक फुटबॉलची छाती घेऊन आलेला. उडी मारून झाली की मधल्या फळीतल्या पोरांबरोबर मैदानभर पळायचा. समोरचा धिप्पाड गडी तिसऱ्या डावापर्यंत थकून जायचा.

१९९१ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळालं. हंगामातल्या सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य खेळाडूचं हे पदक पंचांच्या मतांवर ठरतं. म्हणजे ज्या जमातीने त्याला पंधरा मीटरची शिक्षा दिली, तिनेच. आयर्लंडमधून येऊन ते मिळवणारा तो एकटाच. विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. १९८८ मध्ये मेलबर्न अंतिम फेरीत पोचलं आणि त्याच हॉथॉर्नकडून ९६ गुणांनी हरलं.

खेळत असतानाच त्याने शिक्षकाची पदवी घेतली होती. १९९४ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पॉल करी याच्याबरोबर त्याने ‘रीच’ ही किशोरवयीन मुलांसाठीची संस्था काढली. तिथे मुलांसमोर तो स्वतःची गोष्ट सांगायचा आणि त्यात ते पंधरा मीटर यायचेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ब्राउनलो पदक दाखवून काय मिळणार? पण ज्याची चूक सगळ्या देशाने पाहिली, तो माणूस समोर बसून ती आपल्या तोंडाने सांगतोय म्हटल्यावर पोरं आपापली झाकलेली गोष्ट बाहेर काढायला धजावायची. पदकापेक्षा हे काम मला मोठं वाटतं.

२००८ मध्ये क्लब कर्जात बुडाला होता. जवळपास पन्नास लाख डॉलर. स्टाइन्सने अध्यक्षपद घेतलं आणि जुन्या सभासदांच्या दारी जाऊन पैसे उभे केले. वर्षभरात, २००९ च्या जुलैत, त्याने जाहीर केलं की त्याला कर्करोग झालाय. मेलेनोमा. तो पुढे मेंदूपर्यंत गेला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो काम करत राहिला. २०१० च्या ऑगस्टमध्ये क्लब कर्जमुक्त झाला. २०१२ च्या फेब्रुवारीत त्याने अध्यक्षपद सोडलं आणि २० मार्चला तो गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. त्याच्याआधी याच आयरिश वाटेने मेलबर्न क्लबात आलेला खेळाडू शॉन वाइट आदल्याच वर्षी कर्करोगाने गेला होता.

२७ मार्चला सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. चर्चमध्ये जागा नव्हती म्हणून समोरच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये मोठा पडदा लावला होता. मी तिथे उभा होतो. माझ्या पुढ्यात एक म्हातारे गृहस्थ होते, गळ्यात लाल-निळा लोकरीचा स्कार्फ, उन्हातसुद्धा. ते आपल्या नातवाला हळू आवाजात काहीतरी समजावत होते. एक बोट खांबासारखं उभं धरलं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्यासमोर, आणि मग मधून एक रेघ ओढली. सत्याऐंशी सालची लाथ. एवढ्या वर्षांनीही ते तीच सांगत होते, आणि सांगताना रडत होते.

मेलबर्नचा दुष्काळ संपला २०२१ मध्ये. १९६४ नंतर, सत्तावन्न वर्षांनी. महामारीमुळे अंतिम सामना पर्थला होता आणि मेलबर्नची माणसं घरात कोंडलेली. आम्हीही टीव्हीसमोरच होतो. संघाचा कर्णधार होता मॅक्स गॉन, स्टाइन्स अध्यक्ष असताना क्लबने निवडलेला, दोन मीटरहून उंच, जागा रकमनची. पंचाने चेंडू आपटला, गॉन उडाला. त्याच्या पाठीवर स्टाइन्सचा ११ क्रमांक होता.