खारव्यातले कागद

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत हा रुमाल निघाला. लाल खारव्यात बांधलेले मोडी कागद. गाठ सोडली तशी कडांची भुकटी खाली सांडली. ताट धरलं होतं म्हणून बरं!

यातले हे दोन कागद पाहा. डावीकडचा हातकागद, चिंध्यांच्या लगद्याचा, वर काजळीची शाई. कसरीनं खाल्लाय, पण अजून लवचीक आहे. उजवीकडचा बराच अलीकडचा, गिरणीतला, आणि तोच बोट लावताच मोडतो. लाकडाचा लगदा, त्याला तुरटी आणि राळेची खळ. तुरटीतून आम्ल होतं आणि ते कागदाच्या तंतूंतल्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहतं. मध्यंतरी कुणीतरी मायेनं चिकटपट्टीही लावली होती. पट्टी गळाली, पिवळा डाग तेवढा राहिला.

सयाजीराव महाराजांनी 1910 साली ग्रंथालयं उभारायला थेट अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणलं, ते हेच शहर. घरोघरचे कागद मात्र माळ्यावरच.

आता ही वाटी. तांदळाच्या पेजेसारखं दिसणारं हे नॅनोसेल्युलोज. लाकडाचा किंवा कापसाचा तंतू उभा चिरत नेला की शेवटी काही नॅनोमीटर जाडीचे धागे उरतात. आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड! शंभर भागांत दोन भाग धागे, बाकी पाणी, तरी वाटी कलती केली तर ओघळत नाही. पातळ थर वाळवला की पापुद्रा सुटतो. धागे प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी बारीक, म्हणून तो जवळपास काचेसारखा पारदर्शक. जपानी टिश्यू, म्हणजे वरून चिकटवायचा पातळ कागद, हा हात बसलेला उपाय, पण त्याखाली अक्षर जरा धूसर होतं. पाठपोट लिहिलेल्या मोडीला ते परवडत नाही.

अडचण पाण्याची. काजळीची शाई गोंदात घोटलेली, ओल लागली की पसरते. म्हणून पापुद्रा आधी वेगळा वाळवायचा आणि अल्कोहोलमध्ये कालवलेल्या सेल्युलोजच्याच चिकीनं बसवायचा. गिरणीच्या कागदाचं दुखणं निराळं. पापुद्रा आधार देतो, आम्ल काढत नाही. त्यासाठी आधी कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या अल्कधर्मी क्षारांचा उपचार. त्याची पाळी नंतर.

आज हातकागद. चीर नेमकी ‘मोर्तब सुद’ या अखेरच्या शिक्क्यामधून गेली आहे. शाईवर अल्कोहोलचा एक थेंब, वर टीपकागद. टीपकागद कोरा निघाला. पापुद्रा ठेवला, हलकं वजन दिलं. आता बोट फिरवलं तरच जोड लागतो.