बरोबरचं एक चिन्ह

[दृश्य: पहाट, बंद शटर]

सकाळचे साडेसहा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातली कारखान्यांची शटर अजून वर गेलेली नाहीत. राजारामपुरीतल्या या घरात मात्र दिवा लागलाय. विमानाच्या सॉफ्टवेअरची सीनिअर इंजिनीअर कामाला बसलीय. उजळाईवाडीला उतरतं ते विमान वेगळं. हिचं विमान टेबलावरच्या दोन स्क्रीनमध्येच उडतं.

वडिलांची हयात लेथवर गेली. संध्याकाळी ते हटकून विचारतात, "आज किती ओळी लिहिल्यास?"

"एकबी नाही, बाबा. एक पुसली."

इथं कोड थोडा आणि तो बरोबर असल्याचा पुरावा भाराभर. डीओ-178सी हा या धंद्यातला दंडक. ज्याच्या चुकीनं विमानच जाऊ शकतं, तो कोड 'लेव्हल ए'चा. समजा, उतरल्यावर इंजिनाचा झोत उलटा फिरवायचाय. चाकांवर भार हवा, दांडा ओढलेला हवा, इंजिन आयडलला, म्हणजे सगळ्यात मंद वेगाला हवं. यातली प्रत्येक अट एकटीनं निकाल बदलते, हे दाखवायला निदान चार चाचण्या लागतात. कंटाळवाणं आहे, ती स्वतःच म्हणते.

[दृश्य: कॅल्क्युलेटर, जवळून]

तरी कंटाळून कसं चालेल? 2015 साली बोइंग 787 बाबत एक गोष्ट उघड झाली. वीज सलग 248 दिवस चालू राहिली, तर जनरेटरची कंट्रोल युनिट एकदम बंद पडू शकत होती. आतला एक काउंटर भरून वाहत होता. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, एफएएनं, आदेश काढला: अधूनमधून वीज बंद करा. ती कॅल्क्युलेटर पुढं करते. 2,14,74,83,647. चिन्हासकट 32 बिटांत याहून मोठा आकडा मावत नाही. सेकंदाचे शंभर भाग धरून मोजलं, तर भागिले 100, भागिले दिवसाचे 86,400 सेकंद. उत्तर 248 आणि वर अर्धा. आम्हीही करून पाहिलं, जुळतं.

आज तिच्यासमोर एकच ओळ आहे. सेन्सरचं उत्तर '50 मिलिसेकंदांच्या आत' यावं. बरोबर 50 ला आलं तर? नऊ दिवस हा प्रश्न ईमेलमधून फिरतोय.

[दृश्य: वडिलांच्या हातात स्नॅप गेज]

वडिलांना यातली मेख लगेच कळते. माप तपासायच्या या गेजचं एक तोंड जॉबवरून, म्हणजे घडवलेल्या भागावरून, जायलाच हवं, दुसरं अडायलाच हवं. "नेमका मापावर आला तर घ्यायचा का नाही, ते ड्रॉइंगवाल्यानं सांगायचं. आपल्या मनानं नाही."

साडेदहाला उत्तर येतं: 50 धरून. 'पेक्षा लहान'च्या चिन्हापुढं ती बरोबरचं चिन्ह टाकते. मग 49, 50, 51 अशा चाचण्या नव्यानं.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न.

"आज एक चिन्ह टाकलं."

"पास झालं?"

"माझ्याकडनं झालं. पण ते दुसऱ्यानं तपासायचं असतंय. उद्या बघतील."

वडील मान डोलावतात आणि गेज तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात.