बर्डीवर गाडी कशाला?

(नागपुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मला विषय दिलाय 'नागपूरच्या बाजारपेठा' आणि वेळ दिलाय पाऊण तास. इतवारीचा सराफा, गांधीबागचं कापड, महालचा बुधवार बाजार, गोकुळपेठेची भाजी. एकेकावर एकेक संध्याकाळ जाईल. म्हणून मी आज एकाच रस्त्यावर थांबणार आहे. व्हरायटी चौकातून लोहापुलाकडे जाणारा सीताबर्डीचा मेन रोड. "कुठे चाललीस?" "बर्डीवर." नागपूरच्या घरात यापुढे कुणी काही विचारत नाही. परत कधी येणार, एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर कधीच खरं निघत नाही.

इतिहास लवकर उरकतो. जुनं नागपूर रेल्वेलाइनच्या पूर्वेला. भोसल्यांचा वाडा तिथे, जुन्या पेठा तिथे, वारांच्या नावांचे इतवारी, शुक्रवारी हे बाजार तिथे. सीताबर्डीच्या टेकड्या तेव्हा गावाबाहेर. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई इथेच झाली. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, पश्चिमेला सिव्हिल लाइन्स वसली, १८६७ मध्ये रेल्वे आली. एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला साहेबांचे बंगले आणि कचेऱ्या, आणि मधे टेकडीच्या पायथ्याशी हा रस्ता. दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाला सोयीचा. दुकानं तिथे येणारच होती. घाऊक माल आजही इतवारी-गांधीबागेतून उचलतात. बर्डी किरकोळ खरेदीची.

आता त्या खरेदीकडे जरा जवळून बघू. लग्नसराईत एक बाई मुलीला घेऊन साडीच्या दुकानात शिरते. दोघी गादीवर बसतात. समोरचा सेल्समन एकावर एक साड्या उलगडत जातो. "ताई, घेऊ नका, नुसतं बघा तर." ढीग गुडघ्यापर्यंत येतो तेव्हा त्यातल्या दोन बाजूला निघालेल्या असतात. मग ही बाई काय करते? उठते, दोन्ही पदर हातात घेते आणि थेट दुकानाच्या पायरीवर येते. ट्यूबलाइटखाली मोरपंखी दिसलेला रंग उजेडात भलताच निघतो, हे तिला ठाऊक असतं. सेल्समनलाही ठाऊक असतं. तो मुकाट्यानं मागोमाग येतो आणि साडीचं दुसरं टोक धरून उभा राहतो. पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, साडी ठरते. त्या गर्दीतली एखादी अनोळखी बाई चालता चालता "ही घ्या, ही छान दिसते" असं सांगून पुढे निघून जाते. तिचं मत सेल्समनच्या मतापेक्षा जास्त धरलं जातं.

साडी झाली, पण काम आत्ता सुरू होतं. ब्लाउजला अस्तर हवं, परकर हवा. म्हणजे मॅचिंग सेंटर. पदराचं टोक काउंटरवर ठेवलं की तिथला पोरगा मागच्या कप्प्यांवरून नुसती नजर फिरवतो आणि हिरव्याचे तीन ताके समोर टाकतो. आपल्याला तिन्ही सारखेच दिसतात. तो पदर त्यांच्यावर टेकवतो, दोन परत ठेवतो. मी रंगांचं शास्त्र शिकलेली माणसं पाहिली आहेत. या पोरांइतकी नजर त्यांच्यातल्या फार थोड्यांना असते. मग फॉल घ्यायचा, साडी पिको-फॉलला टाकायची. "परवा या." मग बांगड्या, त्या ठेल्यावर. टिकल्या, सेफ्टी पिना, केसांचे चाप, ते खाली मांडलेल्या पसऱ्यावर. मधेच मुलीला ओढणी दिसते.

"केवढ्याला भाऊ?"

"दोनशे."

"काहून बापा, मागच्या महिन्यात सव्वाशेला नेली ना."

आई तीन पावलं पुढे जाते. चौथं टाकत नाही, कारण हाक कुठे येणार ते तिनं मोजलेलं असतं. "घ्या मावशी, दीडशे द्या, बोहनीची वेळ आहे." संध्याकाळचे सात वाजलेत. बर्डीवर बोहनी दिवसभर चालू असते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की या बाईच्या खरेदीत दुकान कुठे संपलं आणि ठेला कुठे सुरू झाला, हे तिला स्वतःला सांगता येणार नाही. साडीसाठी आली म्हणून बांगडीवाल्याला गिऱ्हाईक मिळालं. पुढच्या महिन्यात ती दहा रुपयांच्या टिकल्यांसाठी येईल आणि जाता जाता शोकेसमधला नवा माल बघून ठेवेल. ठेल्यावरचा माल तर ऋतूप्रमाणे बदलतो: राखी, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, पणत्या, पतंग, स्वेटर. दुकानाला असा रातोरात धंदा पालटता येत नाही. दोघं मिळून बाजार होतो.

आणि तरी वर्षानुवर्षं आपण ऐकतो ते भांडण याच दोघांचं. दुकानदार म्हणतात, आम्ही भाडं भरतो, कर भरतो, आणि आमच्या दारात तिसराच उभा. शोकेस झाकली जाते, आग लागली तर बंब आत येणार कसा. हे खोटं नाही. बंबाचा मुद्दा तर अगदी खरा आहे. हॉकर्स म्हणतात, आम्ही कित्येक वर्षं इथेच आहोत, जायचं कुठे. तेही खोटं नाही. महापालिकेची गाडी येते, माल उचलते, दुसऱ्या दिवशी ठेले परत लागतात. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेलेलं आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडं सांगतो, कारण दोन्ही बाजू त्यातला आपल्या सोयीचा तेवढाच भाग वाचतात. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सांगितलं की रस्त्यावर माल विकणं हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. म्हणजे हक्क आहे, मात्र अमुकच जागेवर बसण्याचा हक्क नाही. त्यानंतर २०१४ चा पथविक्रेता कायदा आला. त्यात आधी सर्वेक्षण करायचं आणि ते पुरं होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही असं म्हटलंय. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतःतून निवडून दिलेले. आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात दोन वाक्यं आहेत, ती बर्डीसाठीच लिहिली की काय असं वाटावं. सर्वेक्षणात नैसर्गिक बाजार म्हणून, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाइकं पूर्वापार आपसूक जमतात अशी म्हणून, नोंदलेली जागा ना-विक्री क्षेत्र ठरवता येणार नाही. आणि नुसती गर्दी होते हे काही एखादी जागा ना-विक्री क्षेत्र ठरवायचं कारण होऊ शकत नाही. मात्र त्याच परिशिष्टाप्रमाणे किती जणांना परवाने द्यायचे यावर मर्यादा घालता येते. हा शेवटचा भाग हॉकर्सच्या सभांमध्ये मी फारसा ऐकलेला नाही.

माझं म्हणणं असं आहे की या भांडणात तिसरा पक्ष आरामात बसून राहिलाय. गाडी. चालती गाडी नव्हे, उभी गाडी.

मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर. त्यातून आले दोघं, फार तर चौघं, आणि जागा अडली दोन तास. तेवढ्या जागेत गिऱ्हाइकाला उभं राहायला वाव ठेवून चार ठेले लागतात, म्हणजे चार घरांची चूल पेटते. किंवा काहीच न लावता ती जागा सोडली, तर त्या दोन तासांत तिथून किती माणसं चालून जातील त्याचा तुम्हीच अंदाज करा. ठेला आपल्याला अतिक्रमण दिसतो. फूटपाथला टेकून लावलेली स्कूटर दिसत नाही, कारण ती आपली असते.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणारी अभियंत्यांची संस्था. तिचे पादचाऱ्यांसाठीचेही निकष आहेत. फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर सलग मोकळी पट्टी हवी, आणि दुकानांसमोर त्याशिवाय आणखी एक मीटर, कारण माणसं थांबून बघतात. आपली पदर घेऊन पायरीवर आलेली बाई या एका मीटरमध्ये उभी असते. हे अभियंत्यांना कागदावर मान्य आहे. गंमत अशी की देशातल्या रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा १९४३ मध्ये ठरला तो आपल्याच गावात; अभियांत्रिकीची मुलं आजही तो 'नागपूर प्लॅन' म्हणून पाठ करतात. चालणाऱ्यांसाठी नागपूरच्या नावाचं असं काही अजून निघायचंय.

बाहेर काय झालं? कोपनहेगनमधला स्ट्रॉयेट हा सव्वा किलोमीटरच्या आतला बाजाररस्ता नोव्हेंबर १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला, आधी प्रयोग म्हणून. व्यापारी धास्तावले होते: गाडी नाही तर गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आलं, आणि १९६४ मध्ये बंदी कायम झाली. एवढ्या लांब कशाला, दिल्लीच्या चांदणी चौकात लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना मनाई आहे, २०२१ पासून. पुण्यात लक्ष्मी रोडवर त्याच वर्षापासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात. वर्षातून एक दिवस! पुणेकरांना मी काही म्हणत नाही, सुरुवात तरी आहे.

पण कोपनहेगनची नक्कल नागपुरात चालायची नाही, आणि यावर मी जरा अडून बसणार आहे. तिथे रस्ता मोकळा केला, फरशी घातली, लोक उन्हात येऊन बसले. तिथे ऊन म्हणजे सण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. दुपारी दोनला तोंडाला स्कार्फ गुंडाळून जी मुलगी बर्डीवर येते, ती ताडपत्रीच्या सावलीतून ताडपत्रीच्या सावलीत जाते. ती ताडपत्री कुणी बांधली? ठेलेवाल्यानं. आपण "बकाल दिसतं" म्हणून ती काढून टाकणार, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक घालणार, मधे एक कारंजं बसवणार, आणि उन्हाळ्यात तिथे तवा तापलेला असेल. बर्डीवर गाड्या बंद करायच्या तर पहिला खर्च सावलीवर व्हायला हवा: उंच छप्पर, बंबाला खालून जाता येईल एवढं उंच, आणि जिथे मुळांना जागा आहे तिथे झाड. दुसरा खर्च स्वच्छतागृहावर. चार तास खरेदी करणाऱ्या बाईला आज विचारा, ती कुठे जाते. ओळखीच्या दुकानात. ओळख नसेल तर ती घरून निघतानाच पाणी कमी पिऊन येते, तेही उन्हाळ्यात. सुशोभीकरणाच्या चित्रांत मी कारंजी पुष्कळ पाहिली आहेत. स्वच्छतागृहाचं चित्र कुणी रंगवत नाही.

ठेल्यांचंही मोजमाप व्हायला हवं. जागा आखायच्या, क्रमांक घालायचे, ठेल्याचा आकार ठरवायचा, मधली पट्टी बंबासाठी सदा मोकळी. काहींना तिथे जागा मिळणार नाही, हे त्यांना आधी आणि तोंडावर सांगावं लागेल. पर्यायी जागा गिऱ्हाईक फिरकेल अशीच द्यावी लागेल. दुकानदारांनीही पायरीच्या पुढे आणलेले पुतळे आणि सेलचे स्टँड आत घ्यायचे. नियम फक्त ठेल्याला लावला तर तो टिकायचा नाही.

प्रश्नोत्तरांत अपेक्षेप्रमाणे पहिला प्रश्न आला: मग गाड्या ठेवायच्या कुठे? मी उलट विचारतो, आणायच्या कशाला? मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात त्या मुंजे चौकातल्या सीताबर्डी इंटरचेंजवर. खापरीकडची मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, लोकमान्यनगरकडची जानेवारी २०२० मध्ये, ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर या उरलेल्या दोन दिशा डिसेंबर २०२२ मध्ये पुऱ्या झाल्या. झाशी राणी चौकातही स्टेशन आहे. शहराच्या चारही टोकांहून येणारी गाडी ज्या एका ठिकाणी भेटते ते ठिकाण मेन रोडपासून चालत काही मिनिटांवर, आणि आपण तिथे पार्किंग शोधतोय. दुकानांचा माल यायलाच हवा, तो सकाळी दहाच्या आत उतरवावा. अडचण राहते ती घरापासून स्टेशनपर्यंतची. फीडर बस वेळेवर नसेल तर लोक स्कूटर काढणारच, आणि त्यांना मी दोष देणार नाही.

दुसरा प्रश्न मागे बसलेल्या एका आजींचा होता. गुडघे दुखतात, एवढा रस्ता चालायचा कसा? त्यांच्यासाठी बॅटरीवरची छोटी गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरती ठेवता येईल, आणि थोड्या थोड्या अंतरावर सावलीत बाक हवेत, पाठ टेकता येतील असे. "त्या बाकांवर कपड्याचा ठेला लागेल," असं कुणी तरी लगेच म्हणालं. लागेल. म्हणून ठेल्यांच्या जागा आधी आखून द्यायच्या आणि बाक नंतर बसवायचे.