नस दिसते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पाठीत इंजेक्शन घ्यायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्याकडे येणारा माणूस महिनोन् महिने कळा सोसून आलेला असतो, तरी पहिला प्रश्न कळांबद्दलचा नसतो. तो विचारतो, "डॉक्टर, सुई नसेला लागली तर?" नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. हा प्रश्न मी कधीच हसण्यावारी नेत नाही, कारण तो अगदी रास्त आहे. कण्यातली इंजेक्शनं देणं हे माझं रोजचं काम आहे. सुई आत शिरत असताना आम्हाला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, तेवढंच आज मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी कण्याची थोडी ओळख करून घेऊ. मानेत ७ मणके, छातीच्या मागे १२, कमरेत ५, आणि त्यांच्याखाली त्रिकास्थी व माकडहाड. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत मऊ गर. गादीच्या मागे हाडांच्या कमानींनी बनलेला बोगदा आहे, त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात हा रज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली असतो नसांचा झुबका, घोड्याच्या शेपटीसारखा, म्हणून त्याचं नावच अश्वपुच्छ. प्रत्येक पातळीला डावीउजवीकडे एकेक नस छोट्याशा खिडकीतून बाहेर पडते. गादीतला गर मागे सरकून तिथे नसेला भिडला, की कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत, कधी थेट अंगठ्यापर्यंत चमक जाते. आपण सायटिका म्हणतो ती हीच.

सरकलेली गादी आणि ही कळ यांचं नातं मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली स्पष्टपणे मांडलं. इंजेक्शन मात्र त्याहून जुनं आहे. १९०१ साली फ्रान्समध्ये सिकार आणि कॅथलँ या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्रिकास्थीच्या खालच्या टोकाला असलेल्या फटीतून कोकेन आत सोडलं होतं. आज आम्ही जागा बधिर करणारं औषध आणि सूज उतरवणारं स्टेरॉइड वापरतो.

सुरुवातीला हे सगळं हाताच्या अंदाजावर चालायचं. सुईला लावलेल्या पिचकारीचा दट्ट्या दाबत दाबत पुढे जायचं आणि आतला विरोध अचानक सुटला की समजायचं, जागा आली. बाळंतपणातली भूल देताना भूलतज्ज्ञ आजही असंच करतात आणि फार कौशल्याने करतात. पण ठरावीक नसेच्या ठरावीक खिडकीपाशी औषध पोहोचवायचं असेल, तर हाताची जाण पुरत नाही. म्हणून सी-आर्म आला. इंग्रजी सी अक्षरासारखा हा क्ष-किरणांचा हात तुम्ही शस्त्रक्रियेच्या खोलीत पाहिला असेल. त्याच्या पडद्यावर हाड दिसतं, सुई दिसते, पण नस दिसत नाही. नस कुठे असणार हे आम्ही हाडाच्या खुणांवरून ताडतो, मग आयोडीनयुक्त द्रव्याचे दोन-चार थेंब सोडतो आणि ते नसेच्या कडेने पसरलेले दिसले की जीव भांड्यात पडतो. सीटी स्कॅनमध्ये मांसपेशी आणि चरबी बऱ्यापैकी कळतात, पण किरणांची मात्रा सहसा वाढते. सोनोग्राफीला कण्यात हाडच आडवं येतं.

एमआरआयचा मार्गच वेगळा आहे. आपल्या अंगातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू खच्चून भरलेले आहेत. त्यांचे केंद्रक मोठ्या चुंबकाच्या दिशेला वळतात, रेडिओलहरींनी त्यांना किंचित ढळवलं की परत जागेवर येताना ते स्वतःची खबर देतात. त्या खबरीवरून चित्र उभं करता येईल, हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली दाखवलं. पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते चित्र झटपट मिळवण्याच्या वाटा शोधल्या. २००३ सालचं वैद्यकाचं नोबेल या दोघांना मिळालं. क्ष-किरण यात कुठेही नाहीत. आणि हाडाच्या आडून का होईना, नस या चित्रात स्वतः दिसते, गोऱ्या चरबीच्या वेढ्यातली करडी दोरी. माझ्यासारखीला याचं मोल किती, हे शब्दांत सांगणं कठीण आहे. इतकी वर्षं जिच्या आसपास अंदाजाने फिरत होतो, ती समोर असते.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो रोज भेटतो. "माझा एमआरआय झालाय की, मग आता परत कशाला?" असं लोक विचारतात. तुम्ही आधी काढलेला एमआरआय म्हणजे गावाचा नकाशा. त्यावरून कुठे जायचं ते ठरतं. मी बोलतेय ते, सुई आत असताना, त्याच टेबलावर पुन्हा पुन्हा चित्र घेऊन सुईचा मार्ग तपासण्याबद्दल. बहुतेक इंजेक्शनं आजही नकाशा एमआरआयचा आणि प्रत्यक्ष वाट सी-आर्मची, अशीच होतात.

आता त्या खोलीत चला. दाराबाहेरच घड्याळ, किल्ल्या, मोबाइल, केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवायचं. चुंबक कधी बंद नसतो. टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं माप; दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा सुमारे ३०,००० पट जोरकस असतं, आणि त्याच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर, गारठून पडलेली असतात. साधी पोलादी कात्री आत गेली तर ती बाणासारखी सुटते. म्हणून सुई टायटॅनियमच्या मिश्रधातूची, ट्रे बिनलोखंडाचा, नाडी मोजणारं यंत्रही खास इथलंच.

माणूस पालथा झोपतो, पोटाखाली उशी. पाठीवर मी मासळीच्या तेलाच्या कॅप्सूलची पट्टी चिकटवते. तेल चित्रात झळकतं, त्यामुळे पाठीवर उजळ ठिपक्यांची ओळ उमटते आणि कुठल्या ठिपक्यापासून किती अंतरावर शिरायचं ते मोजता येतं. रुंद तोंडाच्या यंत्रात कधी कधी मी नुसतं बोट टेकवते. बोटातही पाणी आणि चरबी आहेच, तेव्हा पडद्यावर पाठीला टेकलेलं माझं स्वतःचं बोट दिसतं, आणि बोटाच्या टोकापासून नसेपर्यंतची रेघ डोळ्यांनीच आखता येते. मग खूण करायची, कातडी बधिर करायची, सुई थोडी आत, टेबल आत, चित्र. टेबल बाहेर, सुई आणखी थोडी, पुन्हा चित्र. यंत्राची ठकठक कानातल्या बोळ्यांमधूनही ऐकू येते. माणसाशी बोलत राहणं हे माझं कामच असतं, कारण तो जागा असतो आणि पायात वीज गेल्यासारखं झालं तर ते त्यानेच मला त्याच क्षणी सांगायचं असतं.

सुई पडद्यावर काळी रेघ म्हणून येते. ही रेघ खऱ्या सुईपेक्षा जाड दिसते, कारण धातू आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतो. सुई क्षेत्राच्या दिशेला समांतर असेल तर रेघ बारीक, काटकोनात असेल तर चांगली ठसठशीत. बोगद्यासारख्या यंत्रात पाठीतून शिरणारी सुई बहुधा काटकोनातच येते. म्हणून टोक कुठे आहे हे एका चित्रावर विश्वासून ठरवायचं नाही, दोन दिशांनी पाहायचं. शिकायला हेच सगळ्यात अवघड, आणि घाई केली की चूक इथेच होते.

टोक जागेवर आल्यावर आयोडीनचा इथे उपयोग नाही. गॅडोलिनियम या धातूचं पातळ केलेलं द्रव्य वापरण्याची पद्धत आहे, पण ते चुकून मज्जारज्जूच्या पाण्यात शिरलं तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून माझा कल साध्या सलाइनकडे. चरबीचा उजेड मावळवून पाण्याचा उजळ करणारं चित्र घेतलं, की सोडलेलं पाणी नसेभोवती पांढऱ्या म्यानासारखं दिसतं. तसं म्यान दिसल्याशिवाय मी औषध सोडत नाही.

ही पद्धत कोणासाठी? माझ्या मते सगळ्यांसाठी नाही. कमरेच्या साध्या इंजेक्शनला सी-आर्म उत्तम आहे. काम पटकन उरकतं, खर्च कमी, किरणांची मात्रा थोडी. रक्तवाहिनीत सुई शिरली तर द्रव्य वाहून जाताना सी-आर्मवर चालू चित्रात दिसतं. एमआरआयचा वेग तिथे अजून कमी पडतो, हे मान्य करायला हवं. हा मुद्दा छोटा नाही. कण्यात दिलेल्या स्टेरॉइडनंतर क्वचित पक्षाघात, अंधत्व, मृत्यूदेखील घडले आहेत, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशारा दिला. मानेच्या इंजेक्शनात मी म्हणूनच फार सावध असते, आणि ज्यात न विरघळलेले बारीक कण असतात असं स्टेरॉइड तिथे वापरत नाही.

एमआरआयची खरी गरज भासते ती ओटीपोटाच्या तळाशी दडलेल्या नसांसाठी. प्युडेंडल नावाची नस जननेंद्रियं आणि गुदद्वार यांची संवेदना सांभाळते. ती दुखावली की माणसाला बसवत नाही, आणि सांगायची लाज वाटते म्हणून तो वर्षानुवर्षं गप्प राहतो. अशी नस समोर दिसत असताना तिच्याशेजारी औषध ठेवणं, हे मला या तंत्राचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. तसंच तरुण माणसं आणि ज्यांना पुन्हा पुन्हा इंजेक्शन लागतं असे रुग्ण; त्यांचे किरण वाचतात. आयोडीनच्या द्रव्याची ॲलर्जी असेल तरी हा मार्ग मोकळा राहतो. मात्र काही पेसमेकर, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, बंद जागेची भीती यांमुळे तो बंदही होतो. कण्यात स्क्रू असतील तर नेमकं हवं तिथलंच चित्र पुसट होतं.

आणि चित्र कितीही सुरेख असलं तरी दुखणं चित्रात नसतं. १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय तपासले गेले. त्यांतल्या ५२ टक्क्यांची किमान एक गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांची त्याहूनही पुढे आलेली. कुणालाही काही दुखत नव्हतं. म्हणून अहवालात "नस दबली आहे" हे शब्द वाचून घाबरून जाऊ नका, आणि तेवढ्यावरून इंजेक्शनही मागू नका. सायटिकाची कळ इंजेक्शनाने काही आठवडे, कधी काही महिने हलकी होते. त्या सवडीत चालणं आणि व्यायाम सुरू करता येतो. गादी त्याने जागेवर बसत नाही.

येण्याआधी चार गोष्टी न विचारता सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. मधुमेह आहे का, कारण स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते. गरोदरपणाची शक्यता आहे का. अंगात कुठे धातू आहे का. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

इंजेक्शन झाल्यावर मी माणसाला थोडं थांबायला सांगते आणि मग, ज्या हालचालीने कळ यायची तीच करायला लावते. वाकून बघा, बसून बघा, पाय सरळ उचला. बधिर करणाऱ्या औषधाचा अंमल काही तासच असतो, पण त्या तासांत कळ गेली तर दोषी नस बहुधा सापडली, आणि नाही गेली तर दुसरीकडे शोधायला हवं. म्हणून घरी जाताना मी एक कागद देते. दर तासाला दुखणं दहापैकी किती, एवढंच त्यावर लिहायचं. पुढच्या भेटीत मी तो कागद आधी उघडते आणि एमआरआयची फिल्म नंतर.

नमस्कार.